खेळणं थांबलं, आता कोच व्हायचंय: एका जुन्या स्टॉपरचं उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३१, राहायला पिंपरीत. बारा वर्षं खेळलास, त्यातली सहा एका कंपनीच्या टीमकडून कॉन्ट्रॅक्टवर, जागा राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू. उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं दोनदा ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी आता हात जोडलेत. वाकडच्या एका शाळेत फुटबॉल कोचची जागा चालून आलीय. बायको म्हणते घे. मित्र म्हणतात, एवढं खेळून शाळेत पोरं सांभाळणार का, एखाद्या क्लबची सीनियर टीमच माग. आणि शेवटी तू लिहिलंयस, "सर, फुटबॉलमधलं सगळं येतं, फक्त लायसन्स नाही. सुरुवात कुठून करू?"

मी खडकीचा, रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला. स्टॉपर होतो, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू. २००२ ला खेळणं सोडलं आणि पुढच्या वर्षीपासून शिकवतोय. शाळा, अकादमी, मुलींच्या टीम, जिल्हा लीगमधल्या सीनियर टीम, सगळं करून झालंय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

सुरुवात तुझ्या शेवटच्या वाक्यापासूनच करतो, कारण घोळ तिथेच आहे. फुटबॉलमधलं सगळं येतं ते तुझ्या पायांना. तुला किती येतं हे अजून कुणी विचारलेलंच नाही.

मला विचारलं होतं एका दहा वर्षांच्या पोरानं. जून २००३, कोथरूडमधली एक शाळा. चौथी-पाचवीची अठ्ठावीस पोरं आणि चार बॉल, त्यातला एक मऊ पडलेला. पहिल्याच दिवशी भाव मारायला म्हणून मी एक लाँग बॉल मारून दाखवला. मैदानाच्या त्या टोकाला नारळाचं झाड होतं, बरोब्बर त्याच्या बुंध्याशी टप्पा. पोरं खूश, मीही खूश. तेवढ्यात एक चष्मेवाला पुढे आला. "सर, पण कसा मारला?" मी म्हटलं, "असा," आणि पुन्हा मारला. तो म्हणाला, "ते दिसलं. पण कसा?"

मला सांगताच येईना. टेकवायचा पाय कुठे पडतो? बॉलच्या शेजारी की मागे? घोटा आवळलेला असतो की सैल? छाती पुढे असते की मागे जाते? सोळा वर्षं रोज मारलेला बॉल, आणि यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या रात्री दहा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये चपला काढून मी हळूहळू पाय फिरवून बघत होतो. बायको गॅलरीतून बघत होती, तिला वाटलं काहीतरी हरवलंय. शेवटी वहीत लिहिलं: टेकवायचा पाय बॉलपासून वीतभर बाजूला, जरा मागे, घोटा घट्ट, बॉलच्या मध्याच्या खाली बसायचं, नजर मारण्याआधी एकदाच वर.

दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत हे सगळं त्या पोराला सांगितलं. त्याचा बॉल आठ यार्डांवर जाऊन थांबला. थांबणारच, त्याच्या पायांत तेवढी ताकद कुठून असणार. त्याला खरं लागत होतं ते म्हणजे आलेला बॉल पायाखाली मरावा असा पहिला टच आणि जवळच्या गड्याला सरळ पास. मी आपला मला येतं ते शिकवत बसलो होतो, त्याला काय लागतंय ते बघितलंच नव्हतं. आज बावीसेक वर्षं झाली. नवीन कोच, विशेषतः नाव कमावून आलेले, अजूनही हीच चूक पहिल्या आठवड्यात करताना दिसतात.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती राइट बॅकची. तुझ्या उजव्या हाताला कायम टचलाइन, म्हणजे मैदानाची बाजूची रेघ होती. बारा वर्षं तू अर्ध्याच मैदानाकडे तोंड करून खेळलास, पाठीमागून कुणी येईल ही धास्ती तुला सेंटर हाफइतकी कधी नव्हती. तेव्हा मधल्या फळीतल्या पोराला "वळ की, वळ की" म्हणून ओरडण्याआधी स्वतः एकदा मध्ये उभा राहा आणि चारी बाजूंनी माणसं सोड अंगावर. मी स्टॉपर असल्यामुळे कित्येक वर्षं माझ्या टीम मागेच रेंगाळायच्या. मला वाटायचं ही आपली पद्धत आहे. पद्धत कसली, ती माझी सवय होती. प्रत्येक खेळाडू आपल्या जागेवरून दिसलेला फुटबॉल घेऊन कोच होतो आणि उरलेला त्याला पुन्हा शिकावा लागतो.

आता तुझ्या मित्रांच्या म्हणण्याकडे येतो. मोठा खेळाडू तो मोठा कोच, असं आपल्याकडे धरूनच चालतात. भारतीय फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं कोचचं नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ च्या एशियन गेम्सची दोन्ही सुवर्णपदकं त्यांच्या हाताखाली आली, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला आपण चौथे आलो तेही त्यांच्याच काळात. खेळाडू म्हणून ते देशपातळीवर गाजलेले नव्हते. पण शिकवणं हा त्यांचा पेशाच होता. हैदराबादेत ते अशा स्पर्धा भरवायचे ज्यात फक्त कमजोर पायानंच खेळायचं, किंवा ज्यात ड्रिबलिंगच बंद. विचार कर, नियम एक बदलला की ओरडावं लागत नाही, खेळच पोराला शिकवतो. आज लायसन्सच्या कोर्समध्ये हीच गोष्ट स्लाइड लावून सांगतात.

जकार्ताच्या १९६२ च्या स्पर्धेत जर्नैल सिंगच्या डोक्याला मार बसून टाके पडले. तो आपला पक्का स्टॉपर. टाके असताना मागे उभा केला तर उंच बॉलवर डोकं घालावंच लागणार. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्डला, म्हणजे पुढे गोल करायच्या जागेवर नेलं. त्यानं सेमीफायनलला गोल केला, फायनललाही केला आणि दक्षिण कोरियाला आपण २-१ हरवलं. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलचा. मी स्टॉपर असल्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच आवडते, हे मान्य. रहीमसाहेब त्या वेळी कॅन्सरनं आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले.

पीके स्वतः मात्र दोन्हींकडे मोठे. १९६० च्या रोम ऑलिंपिकला कॅप्टन, पुढे कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांचे कोच. त्यांच्यासमोर कायम दुसरे नावाजलेले कोच अमल दत्त. जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाच्या वर माणूस होतं. मोहन बागानकडून अमलदांची डायमंड रचना, म्हणजे खेळाडू हिऱ्याच्या आकारात उभे करायची पद्धत, त्यावर महिनाभर पेपर भरून आलेले. ईस्ट बंगालकडून पीके, ज्यांची ख्याती खेळाडूंच्या मनात हवा भरण्याची. निकाल ईस्ट बंगाल ४-१, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक. यावरून डायमंड वाईट असं कुणी म्हणू नये. पण खेळाडूंना आदल्या रात्री काय सांगायचं, हेही कोचिंगच, आणि ते कुठल्या फळ्यावर काढता येत नाही.

तुझ्या सगळ्यात जवळचं उदाहरण खालिद जमीलचं. मिडफिल्डर, एअर इंडिया आणि महिंद्रा युनायटेडकडून खेळला. शेवटच्या क्लबात, म्हणजे मुंबई एफसीत, दुखापतींनी खेळणं बंद पडलं आणि २००९ ला त्याच क्लबाचा कोच झाला, वय ३२. तुझ्यापेक्षा एकच वर्ष मोठा. कमी बजेटची टीम, तिला पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकवणं एवढंच काम वर्षानुवर्षं केलं. मग मिझोरामचा ऐझॉल एफसी, जो आदल्या सीझनला खाली गेलेला आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यानं परत घेतला गेलेला. त्यांना घेऊन २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची पहिल्या डिव्हिजनची राष्ट्रीय लीग, जिंकली. २०२०-२१ ला इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) नॉर्थईस्ट युनायटेडची अर्ध्यावर हातात आलेली टीम प्लेऑफला नेली. ऑगस्ट २०२५ ला भारताचा कोच. तुझ्या मित्रांना वाटेल, बघा, सीनियर टीम थेट मिळालीच की. मिळाली, पण ज्या ड्रेसिंग रूममध्ये तो आधी बसत होता तिथेच मिळाली, आणि पहिली मोठी ट्रॉफी यायला आठ सीझन लागले. तुझी कंपनी तुला तसं काही देऊ करत असेल तर अवश्य घे. तुझ्या मेलमध्ये तसं कुठे दिसलं नाही.

लायसन्सचं एकदाचं उरकून टाकतो, कारण त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आपल्याकडची शिडी अशी: डी, मग सी, बी, ए आणि वर प्रो. डी हा ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचा काही दिवसांचा कोर्स, महाराष्ट्रात तो वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतो. सी पासून पुढे आशियाई फेडरेशनचा शिक्का. प्रत्येक पायरीच्या मध्ये शिकवण्याचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे पैसे टाकून एका वर्षात ए पर्यंत जाईन हे डोक्यातून काढ. आयएसएलच्या मुख्य कोचला प्रो लागतं. वाकडच्या शाळेला डी असेल तरी चालेल, सी असेल तर दोन पैसे जास्त मागता येतात.

डी च्या परीक्षेत मोठे खेळाडू का गडबडतात ते सांगतो. तुला एक विषय मिळतो, समज "दोन विरुद्ध एक मध्ये पास कधी सोडायचा". बरोबरचे कोर्सवालेच तुझे खेळाडू. खेळ चालू असताना योग्य क्षणी "स्टॉप" म्हणायचं, सगळे जिथल्या तिथे उभे, चूक काय झाली ते पंधरा-वीस सेकंदांत दाखवायचं, त्याच जागेवरून पुन्हा चालू. माझ्या बॅचला रेल्वेकडून खेळलेला एक गडी होता, माझ्यापेक्षा दहापट चांगला खेळाडू. त्यानं थांबवलं आणि चार मिनिटं बोलला. लोक उन्हात उभे. शेवटी इन्स्ट्रक्टरनंच त्याला हळूच विचारलं, "यातलं त्यांना आत्ता काय करायचंय?" त्याच वर्गात नगरची एक पीटीची बाई होती, जिने क्लब फुटबॉल कधी बघितलाही नव्हता. तिनं थांबवलं, एका मुलाला दोन पावलं बाजूला सरकवलं, म्हणाली "आता बघ तुला कोण दिसतंय", आणि शिट्टी. ती पहिल्या फटक्यात पास.

सरकारी नोकरीकडे डोळा असेल तर वेगळी वाट आहे. पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासून आहे. तिचा कोचिंगचा डिप्लोमा साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण), रेल्वे, सरकारी क्रीडा खातं अशा ठिकाणच्या जाहिरातींत अजून मागतात. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो, पण तो डिप्लोमाच्या जागी चालत नाही. जाहिरात नीट वाचूनच फॉर्म भर. दोन्ही कागद असलेला माणूस कुठेच अडत नाही, पण घरी लहान मूल असताना वर्षभर बाहेर राहणं कितपत जमेल ते तुझं तू आणि बायकोनं बसून ठरवा.

आता पोटापाण्याचं. पुण्यात राहून सीनियर प्रोफेशनल टीमचा कोच होईन, असं म्हणणाऱ्यानं या शहराचा गेल्या वीस वर्षांचा हिशेब बघावा. २००७ ला पुणे एफसी सुरू झाला. डेरिक परेरा, गोव्याचे जुने डिफेंडर, ज्यांनी महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती, ते इथे २००९ ते २०१३ कोच होते. २०१२-१३ ला आपली टीम आय-लीगमध्ये दुसरी आली. बालेवाडीला मी त्या मॅच वही घेऊन बघायचो. २०१५ ला क्लब बंद. भारत एफसी एक सीझन खेळून त्याच वर्षी गेला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ पर्यंत. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१७-१८ ला आयएसएलच्या सेमीफायनलला पोचला आणि २०१९ ला संपला, त्याची जागा हैदराबादनं घेतली. बारा वर्षांत चार क्लब आले नि गेले. खेळाडू दुसऱ्या गावाला गेले, कोच आणि फिजिओ मात्र इथेच घराचे हप्ते भरत राहिले.

पण यातलं खाली जे उरलं ते बघण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडाप्रबोधिनीत आला, पुणे एफसीच्या अकादमीत खेळला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडून खेळला. क्लब गेला, पोरगा राहिला. कोचिंगचं खरं काम आणि खरी नोकरी दोन्ही याच मजल्यावर आहेत: शाळा, अकादम्या, सोसायट्यांच्या बॅच, टर्फवाल्यांच्या संध्याकाळच्या बॅच. मित्रांना हे कमीपणाचं वाटतं. वाटू दे.

वाकडच्या शाळेला हो म्हण, पण आधी चार गोष्टी कागदावर घे. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर बाराव्या महिन्याचं काय? मे महिन्यात समर कॅम्प तू घेणार का, आणि त्याचे पैसे कुणाचे? पावसाळ्यात मैदान चिखलानं बंद पडलं की तास कापणार का? बॉल आणि बिब (टीम ओळखायला घालायची रंगीत जाकिटं) कोण आणणार? मी एका अकादमीत चार महिने बिनपगारी काढलेत, मालक दर शनिवारी खांद्यावर हात टाकून "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणायचा. कागद नव्हता, त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं. शाळेबाहेर संध्याकाळच्या दोन बॅच धर, पण तीन नको. सकाळी सहाला मैदानावर आणि रात्री नऊलाही मैदानावर असा माणूस दोन वर्षांत पोरांवर खेकसायला लागतो, मी लागलो होतो.

शाळेत काम म्हणजे पोलिस व्हेरिफिकेशन होईलच. त्यापलीकडे, २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा एकदा मराठीतून वाचून काढ. पोरासोबत एकटं चेंजिंग रूममध्ये जायचं नाही, एकट्याला गाडीवर घरी सोडायचं नाही, पालकांच्या ग्रुपवरच बोलायचं. यात कुणी तुझ्यावर संशय घेतोय असं मानू नकोस, हा पोरांच्या आणि तुझ्याही सुरक्षेचा भाग आहे.

आता गुडघा. यावर मला जरा बोलायचंय.

मी २९ वर्षांचा असताना ज्या टीमकडून खेळायचो, तिथे सेमीफायनलच्या सकाळी माझ्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं गेलं. काय दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. खेळलो, छान खेळलो. पुढचा सीझन माझा शेवटचा ठरला. हे मी वर्षानुवर्षं लोकांना तावातावानं सांगायचो, की खेळाडूला कसं वापरून घेतात.

आणि मग मी काय केलं ते ऐक. चौदा वर्षांखालची आंतरशालेय फायनल, माझा सेंटर फॉरवर्ड झपाट्यानं उंची वाढलेला पोरगा. गुडघ्याच्या वाटीच्या खाली नडगीच्या टोकाला एक उंचवटा आला होता, दाबलं की दुखायचं. वाढीच्या वयात असं खूप पोरांना होतं. तिथलं हाड अजून पक्कं नसतं आणि मांडीचा स्नायू त्याला सतत ओढत असतो. उपाय साधा, उड्या आणि धावणं कमी करायचं, काही आठवडे-महिने कळ काढायची. मला हे माहीत होतं. पोरानं सकाळी सांगितलं, "सर, आज जरा जास्त दुखतंय." मी स्प्रे मारला, पट्टी बांधली आणि म्हटलं, "पन्नास मिनिटांचा तर प्रश्न आहे." दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवर त्यानं हेडरला उडी घेतली आणि उडतानाच तो ओरडला. खाली पडण्याआधी. नडगीवरचा तो तुकडा स्नायूनं ओढून सोडवला होता. स्क्रू घालावे लागले. त्याचे वडील हॉस्पिटलच्या जिन्यात मला एवढंच म्हणाले, "तुम्हाला त्यानं सांगितलं होतं ना?"

तो आज हिंजवडीत नोकरी करतो. चालतो-फिरतो नीट, फुटबॉल परत खेळला नाही. भेटला की तोच आधी हात करतो, आणि ते मला जास्त लागतं. माझ्यावर अन्याय झाला म्हणून मी त्या बाबतीत शहाणा असेन, असं मी धरून चाललो होतो. फायनलच्या सकाळी कोचला फक्त फायनल दिसते.

त्यानंतर मी दोन नियम केले. पोरानं दुखतंय म्हटलं की त्या दिवशी तो खेळणार नाही, मग फायनल असो की काही असो, आणि हे मी सीझनच्या सुरुवातीला पालकांसमोर बोलून ठेवतो म्हणजे नंतर मला पळवाट राहत नाही. दुसरं, वॉर्म अपला मैदानाला दोन फेऱ्या हा प्रकार बंद. फिफाचा इलेव्हन प्लस म्हणून वीसेक मिनिटांचा क्रम आहे: धावणं, पोटाचे आणि मांडीमागचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न पडू देता उतरणं. आठवड्यातून दोनतीनदा नियमानं केलं तर दुखापती तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी होतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सामान काही लागत नाही. तुझ्या गुडघ्याच्या फिजिओनं तुला यातलं निम्मं शिकवलेलं असणार. बघ, तू स्वतःला रिकामा समजू नकोस, लिगामेंटच्या दोन ऑपरेशनांनंतर उतरताना गुडघा कुठे जातो हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

पोरं निवडताना एक लक्षात ठेव. वयोगट एक जानेवारीपासून धरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच टीममध्ये असतात, दहा-अकरा महिन्यांचं अंतर असून. बाराव्या वर्षी ते अंतर डोळ्यांना दिसतं. उंच, दांडगी पोरं घेतली की स्पर्धा जिंकता येतात, शाळा खूश होते. ज्यांना बाहेर बसवलं त्यांत एखादा डिसेंबरचा बारका असतो ज्याचा पहिला टच सगळ्यांत चांगला असतो. वयचोरीचे दाखले तर येतातच, त्यासाठी मनगटाच्या एक्स-रेपर्यंत गोष्टी जातात. पण प्रामाणिक दाखल्यांतही हा घोळ आहेच. मी ट्रायलला पोरांच्या छातीवर जन्ममहिन्याचा आकडा लावतो. पालकांना विचित्र वाटतं, मला बघायला सोपं जातं.

आणि बॉल लहान वापर. बारापर्यंत चार नंबरचा. पाच नंबरचा भारी बॉल बारक्या पोरांना देऊन त्यांच्याकडून पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळवणं बघितलं की माझं डोकं फिरतं. अर्ध्या तासात कित्येकांच्या पायाला बॉल चारदाही लागत नाही. चार विरुद्ध चार लाव, छोटी गोल लाव, बाजूला उभा राहा आणि गप्प बस. गप्प बसणं तुला सगळ्यात जड जाणार आहे. टचलाइनवरून "पास! शूट! मागे!" ओरडणारा कोच आणि व्हिडिओ गेमचा रिमोट यात फरक नाही. पोरगा मग डोकं वापरतच नाही, तुझ्या आवाजाची वाट बघतो.

तुला आत्ताच, लायसन्सच्या आधी, काय करता येईल? जिल्हा लीगच्या मॅच पुण्यातल्या एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर असतील तेव्हा जाऊन बस. बॉलकडे बघू नकोस. वीस मिनिटं एकाच खेळाडूकडे बघ, बॉल त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते लिही. पहिल्या दिवशी अर्ध पानही भरणार नाही. रेफ्रीचा कोर्स निघाला तर तोही कर. शिट्टी हातात घेऊन चार मॅच काढल्या की ऑफसाइडबद्दल आपण बारा वर्षं किती विनाकारण ओरडलो ते कळतं. घरी सोप्यातली सोपी गोष्ट, समज इनसाइड फूटचा, म्हणजे पावलाच्या आतल्या बाजूनं दिलेला पास, फुटबॉल न बघणाऱ्या माणसाला शब्दांत समजावून बघ. तुझ्या बायकोलाच सांग. तिला समजलं तर पोरांना समजेल.

एक प्रश्न तू शेवटी पुनश्च म्हणून टाकलायस, की या सीझनला जुन्या दोस्तांच्या टीमकडून लीगच्या पाचसहा मॅच खेळलो तर चालेल का, पट्टी बांधून. नको. शाळेच्या पोरांसमोर पहिल्या महिन्यात कुबड्यांवर उभं राहायचंय का? त्याऐवजी शनिवारी सकाळी सव्वासहाला माझ्या बॅचला ये, पत्ता मेलवर पाठवतो. दहा वर्षांखालची बावीस पोरं आहेत. पहिले दोन शनिवार फक्त कोन लावायचे, बिब वाटायच्या आणि सुटलेल्या लेस बांधून द्यायच्या. तिसऱ्या शनिवारी वीस मिनिटं तुझी. विषय पहिला टच. साधे बूट घाल, स्टड नकोत. आणि एमआरआयचे रिपोर्ट बरोबर आण, माझ्या ओळखीतल्या फिजिओला दाखवू, कारण पोरांना दाखवायला म्हणून तू लाथ मारणार, हे मला आत्ताच दिसतंय.